राखण नसलेलं बेट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमची-माझी ओळख नाही — उद्या जालन्यात मस्तगडच्या रस्त्यावर आपण समोरासमोर आलो तरी तुम्ही मला ओळखणार नाही. असं तोंड लपवून कबूल करण्यात काय पराक्रम आहे? काहीच नाही. पण सुरुवात करतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

आधी अक्काबद्दल सांगू द्या. म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं धावडा. घरी मेंढरं होती, दीडशेच्या आसपास. दसरा झाला की बाप मेंढरं घेऊन निघायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा, आणि त्याच्यासोबत अक्का जायची — हाताशी कुणीतरी हवं होतं, मी तेव्हा लहान होतो, आणि पुढं मला शाळेत घातलं. ती मेंढरांमागं चालली म्हणून मी बाकावर बसलो. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही. शिकून मी फार दिवे लावले असंही नाही; मस्तगडला दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतो. पण सावलीत बसून भाकरी खाल्ली, हे खरं.

रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. त्या वाघरीशी आळीपाळीनं जागायचं — अर्धी रात्र बाप, अर्धी रात्र अक्का. अकरा-बारा वर्षांची पोर. एकदा तिचा डोळा लागला आणि लांडग्यानं दोन कोकरं नेली. बापानं तिला बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही, एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते. पुढं लग्न होऊन ती तीर्थपुरीला गेली, दाजींची मोसंबीची बाग आहे, मेंढरू दारात नाही — तरी आजही रात्रीतून दोनदा उठते आणि अंगणात जाऊन बघून येते. दाजी थट्टा करतात, हिच्या धाकानं गल्लीतले चोर दुसऱ्या तालुक्यात गेले. ती हसते. पण उठायची काही थांबत नाही.

आता माझं. चाळिशी उलटल्यावर मला डोंगर चढायचं वेड लागलं. आधी आमच्याच अजिंठ्याच्या रांगेत, मग नाशिककडं, मग थेट हिमालयात. आमच्याकडं पाठीवर सॅक टाकून निघालेला पोट सुटलेला माणूस दिसला की लोक विचारतात, घरी भांडण झालं का. माझी बायको त्यांना सांगायची, भांडायला तरी घरी थांबतात कुठं. मला मजा वाटायची. मी गावातला पहिला होतो ना — असलं काही करणारा.

एका राखीला मी अक्काला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. हिमालयातलं तळं. नाव लिहीत नाही, लिहवत नाही. ढगांच्याही वर, चारी अंगांनी उघडेबोडके डोंगर, निळं पाणी आणि मधोमध एक हिरवं बेट. तिकडचे मेंढपाळ गवताच्या दिवसांत लेकुरवाळ्या मेंढ्या होडीतून त्या बेटावर नेऊन सोडतात. सगळीकडून पाणी, त्यामुळं लांडगा येत नाही, बिबट्या येत नाही. कुत्रंसुद्धा ठेवत नाहीत.

"राखण कोण करतं मंग?" अक्कानं विचारलं.

कुणीच नाही, मी म्हणालो.

"रातीची?"

"रातीची बी न्हाई, अक्का. लागतच न्हाई."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तो व्हिडिओ तीनदा पाहिला. राखी ताटातच राहिली, ओवाळणीचं निरांजन विझलं. मग ती म्हणाली, "दिगू, मला हितं ने. एकदा बघू दे बस."

तिनं मला आयुष्यात काही मागितलं नव्हतं, ते एवढं एकच.

पुढच्या वर्षी पेरण्या उरकल्यावर आम्ही निघालो. अक्का तेव्हा चौपन्न वर्षांची. दाजी म्हणाले, जाय, पण जल्दी ये. लुगड्यावर कॅनव्हासचे बूट, अंगात माझ्या मुलाचं जॅकेट. सॅक घ्यायला तयारच नव्हती, गाठोडं बरं म्हणाली. शेवटी सॅकमध्ये गाठोडं ठेवून तोड काढली. रेल्वे, मग बस, मग जीप, आणि जीपचा रस्ता संपल्यावर तीन दिवस पायी. मी तिला वाटेत सांगत होतो — श्वास कसा घ्यायचा, पाणी किती प्यायचं, पाय कसा टाकायचा. ती सगळं मान हलवून ऐकत होती आणि माझ्या पुढं चालत होती. मेंढरांमागं चाललेल्या माणसाची चाल असते, घाई नाही आणि थांबणं नाही. दुसऱ्या दिवशी मला धाप लागायला लागली तेव्हा तिनं काही न बोलता माझं अंथरूण आणि पाण्याची बाटली स्वतःच्या सॅकमध्ये घातली. तेही मी घालू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका दगडी खोपीशी पोचलो. तळं तिथून दीड तासावर, एक खिंड ओलांडून पलीकडं. खोपीत एक म्हातारं मेंढपाळ जोडपं होतं. दुसऱ्या खोऱ्यातलं, त्या दिवशीच तिथं उतरलेलं, सकाळी आपल्या वाटेनं जाणारं. आणि त्यांची एक मेंढी विताना अडली होती. म्हातारी घाबरली होती. अक्कानं सॅक टाकली, बाह्या वर केल्या आणि आपल्या दखनीत तिला म्हणाली, "हटो अम्मा, मेरे को आता ये काम." मग मला म्हणाली, तू पुढं जाऊन होडीचं विचारून ये, आपण उद्या सकाळी बराबर जाऊ, मला आता हिला सोडून येता येत न्हाई.

मी गेलो.

खिंडीवर चढलो आणि खाली ते तळं दिसलं. काय सांगू तुम्हाला? व्हिडिओत पाण्याचा रंग दिसतो, तिथली शांतता दिसत नाही. काठावर एक होडीवाला बेटावरच्या मेंढ्यांसाठी मिठाच्या गोण्या भरत होता. मी चौकशी केली. तो म्हणाला, आत्ता निघालोय, येतोस का?

मी म्हटलं, आधी बघून तर येऊ. अगदी हेच शब्द मनात आले. अक्काला न्यायच्या आधी आपण बघून घेतलं तर काय बिघडलं? आणि बसलो होडीत.

तर — बेटावर मी गेलो होतो. अर्धा तास होतो तिथं. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

घोट्याएवढं गवत होतं, मऊ. बारकी पिवळी फुलं. मेंढ्या जागोजागी बसल्या होत्या आणि कोकरं त्यांच्यापासून लांब, एकेकटी, उघड्यावर पाय पसरून झोपली होती. आमच्याकडं कोकरू असं झोपत नाही; आईच्या पोटाला चिकटून, कान उभे ठेवून झोपतं. मी परका माणूस त्यांच्यामधून चाललो तरी कुणी मान उचलली नाही. भीती नावाची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. मी तिथं उभा राहिलो आणि अक्काची फार आठवण आली. हे खरं आहे. आठवण आली, आणि पुढं मी जे केलं तेही खरं आहे.

होडीवाल्याला मी सांगितलं की माझी बहीण खाली खोपीत आहे. त्याला आनंद झाला. "कल सुबह ले आओ बहन को," तो म्हणाला, "मैं रुकूँगा." मी हो म्हटलं. फोनमध्ये फोटो काढले आणि परत आलो.

खिंड पुन्हा चढून पलीकडं उतरताना डोकं दुखायला लागलं. गुडघ्यात चमका. ऊन कलत होतं. मनात सारखं येत होतं — उद्या परत ही चढण? परत खिंड, परत होडी, परत खिंड, आणि मग लगेच खालची उतरण? तुम्हाला वाटेल उंचीमुळं डोकं ठिकाणावर नव्हतं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. मग सांगितलं की तिचं वय झालं होतं, तिला काही झालं असतं तर दाजींना काय तोंड दाखवलं असतं. हेही खोटं. तिला काही होत नव्हतं, दमलो होतो मी.

आणि दमलो म्हणून तरी काय? बेट बघायचं राहिलं असतं तर मी रांगत गेलो असतो. माझं बघून झालं होतं. एवढंच कारण. माझं झालं होतं, म्हणून मला ते संपलं असं वाटलं.

अक्का खोपीबाहेर हात धूत होती. कोकरू सुटलं होतं, जिवंत होतं, म्हातारी तिला काय देऊ न काय नको करत होती. कोपरापर्यंत ओले हात तसेच धरून तिनं मला विचारलं, "काय म्हणला होडीवाला?"

मी म्हणालो, "तिथवर गेलोच न्हाई अक्का. दरड आलीय. वाटच तुटलीय. वरून येणारे लोक म्हणले, होडी बी बंद हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. संशयानं नाही. तिला माझ्या बोलण्यात खोट शोधायची कधी गरजच पडली नव्हती. मग हळूच विचारलं, "दुरून तरी दिसलं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्या 'न्हाई'ची तर काहीच गरज नव्हती. दुरून दिसलं म्हणालो असतो तर ती खिंडीपर्यंत येते म्हणाली असती. म्हणून तेही मी काढून घेतलं. तिनं पदरानं हात पुसले, खिंडीच्या दिशेनं एकदा हात जोडले, आणि म्हणाली, चल, तुला भूक लागली असंल. सकाळी आम्ही खाली उतरायला लागलो. पलीकडं तो माणूस होडी घेऊन थांबला असेल, ऊन वर येईपर्यंत वाट बघत असेल, हे मला पावलोपावली कळत होतं. अजूनही दोन तास होते, एक तास होता, मागं वळता आलं असतं. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खात खाली आलो. दिल्ली स्टेशनवर फलाटावर बसून फोटो एकेक करून पुसले. ती शेजारीच होती, दाजींसाठी शाल घेतली होती तिची घडी घालत.

आमच्याकडं कुणी काशीला जाऊन आलं की घरचे मावंदं घालतात. गावजेवण असतं, आणि आलेल्या माणसाचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावतात — देवाच्या दारी लागलेले पाय म्हणून. तीर्थपुरीच्या बायकांनी आमच्या सॅकची आणि चढाईची यात्राच करून टाकली. एवढं लांब, एवढं उंच, पायी गेले म्हणजे देवाला नाहीतर कशाला? मी समजावायला गेलो, कुणी ऐकेना. दाजींनी मावंदं घातलं. बायका तांब्या-परात घेऊन अक्कापुढं बसल्या आणि तिनं पाय मागं ओढून घेतले. "मी पोचले न्हाई," ती म्हणाली. "अर्ध्यातून आलेल्याचे पाय कशाला धुता? ह्याचे धुवा. ह्यानं मला ढगापस्तोर नेलं."

थोरल्या बहिणीनं धाकट्याचे पाय धुवायचे नसतात. सगळ्यांनी सांगितलं. ती बिलकुल ऐकली नाही. परात माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः धुतले. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, सावकाश, हळद लावून. ते पाय बेटाच्या गवतात उभे राहिले होते. तिच्या हातात बेटाला लागलेले पाय होते आणि ते मला एकट्याला माहीत होतं. तेव्हा बोलायला हवं होतं ना? पन्नास माणसं होती, पंगत मांडलेली होती — मी पाय पुसून पाटावर जाऊन बसलो. वरण-पोळी होती. मी पोटभर जेवलो.

त्यानंतर दर राखीला ओवाळून झालं की ती विचारायची, वाट नीट झाली का रे? मी म्हणायचो, अजून न्हाई. फोनवर शोधलं असतं तर तिच्या नातीनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण तिनं कुणाला शोधायला लावलं नाही. दिगू सांगंल, म्हणायची. आणि मला, खरं सांगतो, तिला ते सगळं सांगायची इतकी ओढ लागायची. गवत केवढं होतं, कोकरं कशी पसरून झोपली होती, पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी कशी उठत होती. जगात हे कळणारं एकच माणूस होतं. बाकीच्यांना ते मेंढ्यांचं कुरण वाटलं असतं. तिला कळलं असतं की उघड्यावर, आईपासून लांब झोपलेलं कोकरू म्हणजे काय. दुकानात तार गुंडाळता गुंडाळता मी मनातल्या मनात तिला सांगत बसायचो. कधी कधी ओठ हलायचे, आणि बायको विचारायची, कुणाशी बोलून राह्यले?

दोन वर्षांपूर्वी अक्काचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं. त्या राखीला तिनं वाटेचं विचारलं नाही. पुढच्याही नाही. आणि यंदा मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, "माझं आता व्हत न्हाई. तू एकटा जाऊन ये. डोळे भरून बघ आन् मला येऊन सांग. तुह्या तोंडून ऐकलं म्हंजे मी बघितल्यासारखंच हाय."

मी जातो म्हणालो. तिनं बसल्या जागेवरून सुनेला धपाटे करायला लावले, फडक्यात बांधून दिले. मी सॅक पाठीवर घातली, तिच्या पाया पडलो, आणि निघालो.

आणि गेलो पुण्याला, मुलाकडं. आठ दिवस राहिलो. त्याला वाटलं बाप सहज आलाय. धपाटे त्यानं आवडीनं खाल्ले. तुम्ही विचाराल, या खेपेला तरी का गेला नाहीस? पैसे होते, अंगात जोर होता. उत्तर तेच आहे, मला दुसरं सापडत नाही. ते मी बघितलेलं होतं. सांगायला जेवढं लागतं तेवढं माझ्याजवळ होतं. मग चढायचं कशाला?

नवव्या दिवशी तीर्थपुरीला गेलो. अक्का ओसरीत खाटेवर पडली होती. तिच्याजवळ बसलो आणि सांगायला सुरुवात केली. खिंड, तळं, मिठाच्या गोण्या, होडी, पिवळी फुलं, कोकरं. एक शब्द खोटा नव्हता, फक्त नऊ वर्षं जुना होता. सांगताना मला इतकं बरं वाटत होतं — हे लिहायलाच हवं — छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. माझं सांगून झालं.

मग म्हणाली, "हाक मारली का त्यांला?"

मला आधी कळलं नाही.

"आपली हाक रे. मारली का?"

कोकरांना जवळ बोलवायची आमच्या घरची एक हाक आहे. जीभ टाळूला लावून घशातून काढतात. लिहून दाखवता येत नाही. बेटावर अर्धा तास मी फोन धरून उभा होतो. हाक मारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती असती तर होडीतून पाय खाली टाकायच्या आधी तिनं मारली असती.

"मारली," मी म्हणालो.

"मंग? आली का?"

"आली."

"किती जवळ?"

"पायापस्तोर आली, अक्का."

ती हसली. डोळे मिटलेलेच होते. पडल्या पडल्या तिनं ती हाक काढली — हळू, दोनदा — आणि थांबली. मग मला विचारलं, अशीच मारली ना?

मी हो म्हणालो.